मुंबई–दिल्ली: अंतर १,१४० किलोमीटर, मग तिकिटावर सव्वादोन तास कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत दिल्लीला सकाळी अकरा वाजता मुलाखत आहे. मुंबई–दिल्ली हवाई अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या आतच दिसतं, विमान ताशी आठशेच्या वर वेगानं जातं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणजे फार तर दीड तास. तिकिटावर मात्र दोन तास पंधरा मिनिटं आहेत. यातलं खरं काय, आणि कोणतं विमान घ्यावं?

मी सव्वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, उंची, वरचा वारा, दोन्हीकडचं हवामान आणि इंधन यांचा हिशोब करून फ्लाइट प्लॅन तयार करायचा, तो कॅप्टनला समजावून द्यायचा आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची, हे आमचं काम. मुंबई–दिल्लीचे प्लॅन मी किती केले याची मोजदाद नाही. एका पाळीत आठ-दहा तरी असायचे.

तुमचं गणित चुकलेलं नाही. त्यात फक्त मधला तुकडा धरलाय. पुढचे आणि मागचे तुकडे जोडले की सव्वादोन तासांचा हिशोब जवळपास जुळतो.

आधी अंतर. हे तुम्ही शाळेच्या नकाशावरूनही काढू शकता. मुंबईचा विमानतळ १९.१ उत्तर अक्षांशावर आहे, दिल्लीचा २८.६ वर. फरक साडेनऊ अंशांचा. नॉटिकल मैल हे माप अक्षांशाच्या एका मिनिटावरूनच आलेलं आहे, त्यामुळे एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, आणि साडेनऊ अंश म्हणजे ५७०. दिल्ली मुंबईच्या सव्वाचार अंश पूर्वेलाही आहे. या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश साधारण ५५ नॉटिकल मैलांचा भरतो, म्हणजे पूर्वेकडे २३२. आता पायथागोरस लावा: उत्तर येतं ६१५ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून १,१४० किलोमीटर. नव्या डिस्पॅचरला मी हे पहिल्याच दिवशी कागदावर करायला लावायचो, कारण संगणकानं दिलेला आकडा बरोबर आहे की नाही हे ओळखायला असा एक अंदाज डोक्यात पक्का असावा लागतो.

ही सरळ रेषा कुठून जाते हे पाहायला मला अजूनही आवडतं. मुंबईहून निघून ती जव्हारच्या डोक्यावरून जाते, रतलामच्या थोडी पश्चिमेकडून, कोट्याजवळून, आणि पुढे दौसा, अलवरवरून दिल्लीत उतरते. रेल्वेचा मार्गही रतलाम आणि कोट्यावरूनच आहे, पण गाडी आधी सुरत-वडोदऱ्यापर्यंत किनाऱ्याच्या कडेनं वर जाते आणि मग उजवीकडे वळते. म्हणून राजधानीचं अंतर १,३८४ किलोमीटर होतं. उदयपूर-जयपूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग १,४०० च्या पुढे जातो. इंटरनेटवर एकाच दोन शहरांची तीन वेगळी अंतरं दिसतात ती यामुळे. तिन्ही खरी असतात, फक्त कोण मोजतंय ते पाहावं.

विमान तरी त्या सरळ रेषेवरून जातं का? जवळपास जातं. मुंबईत वर्षातला बराच काळ उड्डाण पश्चिमेकडे, म्हणजे जुहूवरून समुद्राकडे होतं. जायचंय उत्तर-पूर्वेला आणि विमान निघतं अरबी समुद्राकडे, मग उजवीकडे वळून किनारा पुन्हा ओलांडायचा. दिल्लीतही तीच गत. तिथला वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवावं लागतं. त्यामुळे नैर्ऋत्येकडून आलेलं विमान शहर ओलांडून पूर्वेला जातं आणि तिथून वळून पश्चिमेकडे तोंड करून उतरतं. या वळशांमुळे ६१५ मैलांचे माझ्या प्लॅनवर साडेसहाशेच्या आसपास व्हायचे.

आता वेग. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ विमान उंचीवर गेल्यावर ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीनं उडतं. छत्तीस हजार फुटांवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे हा वेग ४४७ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ८२८ किलोमीटर होतो. आठशेच्या वर हे बरोबर आहे. पण एवढ्या वेगानं विमान किती अंतर कापतं, ते पाहा.

छत्तीस हजार फुटांवर चढायला वीस-बावीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात १३० मैल मागे पडलेले असतात. उतरण्याचा ढोबळ नियम असा, की दर हजार फुटांना तीन मैल धरायचे, म्हणजे इतक्या उंचीवरून ११० ते १२० मैल आधीच इंजिनं मंद करून उतार सुरू करावा लागतो. शिवाय दहा हजार फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट. म्हणजे साडेसहाशेपैकी अडीचशे मैल चढण्यात आणि उतरण्यातच जातात. पूर्ण वेगानं उरतात चारशे. चारशे भागिले ४४७, चोपन्न मिनिटं. चढण्याची बावीस, उतरण्याची पंचवीस, दिल्लीच्या जवळ रांगेत लावताना एटीसीनं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणानं, दिलेल्या वळणांची पाच-सात. झाले एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. वारा अनुकूल असेल आणि दिल्लीत गर्दी नसेल तर एक तास पस्तीसमध्येही चाकं टेकलेली मी पाहिली आहेत.

प्रवासी नेहमी विचारतात, उशीर झालाय तर पायलट जरा जोरात का चालवत नाही? चालवतो ना. ०.७८ चा ०.८० करतो. पण तो वाढीव वेग फक्त त्या चारशे मैलांवर लागू होतो, आणि हिशोब केला तर वाचतं दीड मिनिट. त्यासाठी इंधन मात्र चांगलंच जास्त जळतं. या मार्गावर उशीर भरून निघतो तो एटीसीनं सरळ रस्ता दिला तर, किंवा मुळात वेळापत्रकातच जागा ठेवलेली असेल तर.

इथून पुढचा भाग जमिनीवरचा. लोकांना हा सगळ्यात कमी माहीत असतो आणि माझ्या मते वेळ समजायचा असेल तर हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. तिकिटावरचे दोन तास पंधरा मिनिटं म्हणजे ब्लॉक टाइम. चाकांना अडवण म्हणून लावलेले ठोकळे, आम्ही त्यांना चॉक म्हणतो, ते काढून विमान जागेवरून हललं तिथपासून दिल्लीत ते जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतचा वेळ. आमच्या पडद्यावर प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा येतात: आउट, ऑफ, ऑन, इन. जागेवरून हलणं, चाकं उचलणं, चाकं टेकणं, जागेवर थांबणं. विमान त्या स्वतःच पाठवतं. ऑफ ते ऑन हा हवेतला वेळ, आणि तुम्ही काढलेलं उत्तर त्याच्याही एका तुकड्याचं होतं.

मुंबईत आउट आणि ऑफ यांच्यात पंधरा ते पंचवीस मिनिटं सहज जातात. कारण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवर ताशी पंचेचाळीसच्या आसपास विमानं, म्हणजे दर ऐंशी सेकंदांना एक चढतं किंवा उतरतं. डिसेंबर २०१८ मध्ये चोवीस तासांत हजाराहून अधिक विमानांची ये-जा या विमानतळानं हाताळली आहे. जगात एवढ्याशा जागेत इतकं काम करणारे विमानतळ फार थोडे आहेत, आणि तिथल्या टॉवरमधल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण रांग ही रांगच. सकाळी आठला खिडकीतून पुढे सहा विमानं दिसली तर समजा पंधरा-सोळा मिनिटं गेली, कारण निघणाऱ्या प्रत्येक दोघांच्या मध्ये एखादं उतरणारंही घालायचं असतं.

दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत, तिथे अडचण वेगळी, आवाराच्या पसाऱ्याची. सगळ्यात लांब धावपट्टी ४,४३० मीटरची आहे. तुमचं टर्मिनल कोणतं आणि उतरायला कोणती धावपट्टी मिळाली यावर जमिनीवरचा प्रवास सहा मिनिटांचा होईल की अठरा, हे ठरतं. २०२३ मध्ये रस्त्यावरून जाणारा उन्नत टॅक्सीवे (विमानांची जमिनीवरून ये-जा करायची वाट) सुरू झाला, त्यानं काही विमानांचा बराच फेरा वाचला. तरी मी प्लॅनमध्ये दहा-बारा मिनिटं धरायचो.

एक तास अठ्ठेचाळीस, अधिक मुंबईची अठरा, अधिक दिल्लीची बारा: दोन तास अठरा. तिकिटावरचा आकडा असा जुळतो. गर्दी नसेल त्या वेळी यातली पंधरा-वीस मिनिटं उरतात आणि विमान वेळेआधी पोहोचतं. विमान कंपन्या वेळापत्रक फुगवतात असं म्हणणारे भेटतात. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत पोहोचलेलं विमान वेळेवर धरलं जातं, त्यामुळे थोडी जागा ठेवण्याचा मोह असतोच. पण ती जागा नसेल तर तेच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करताना प्रत्येक फेरीला दहा मिनिटं मागे पडेल आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीचे प्रवासी तास-तास खोळंबतील. डिस्पॅचला बसून हे पाहिलेला माणूस त्या पंधरा मिनिटांना फुगवटा म्हणणार नाही.

वाऱ्याबद्दल थोडं. हिवाळ्यात उत्तर भारतावर, तीस ते चाळीस हजार फुटांच्या दरम्यान, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, ज्याला जेट प्रवाह म्हणतात. शंभर नॉट हा तिथे नेहमीचा आकडा. दिल्लीला जाताना आपली दिशा उत्तरेपासून बावीस अंश पूर्वेकडे, म्हणजे वारा बराचसा आडवा आणि थोडासा पाठीमागून. सदतीस नॉटची मदत मिळते, पण आडव्या वाऱ्यात वाहून जाऊ नये म्हणून विमानाचं नाक तिरकं ठेवावं लागतं, त्यात दहा नॉट जातात. येताना तेच सदतीस समोरून. संपूर्ण मार्गावर असा वारा धरला तरी जाण्या-येण्यात नऊ मिनिटांचा फरक पडतो. प्रत्यक्षात मुंबईच्या बाजूला वारा मंद असल्यानं पाच-सहाच. मुंबई–लंडनसारख्या ७,२०० किलोमीटरच्या पूर्व-पश्चिम मार्गावर हाच वारा पाऊण-एक तासाचा फरक करतो. तिकडे कोणत्या देशाचं आकाश उघडं आहे हेही पाहावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद झाल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचे मार्ग लांबले. मुंबई–दिल्लीला त्यातलं काही लागू नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, तिथून निघालात तरी हवेतल्या अंतरात सांगण्यासारखा फरक नाही. घरापासून कोणता विमानतळ सोयीचा, एवढंच पाहा.

आता तुमच्या जानेवारीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला मला काळजी वाटणारा शब्द तोच आहे.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्लीत दाट धुकं पडतं. ते साधारण मध्यरात्रीनंतर दाटतं, पहाटे-सकाळी सगळ्यात वाईट असतं आणि ऊन तापलं की दहा-अकराच्या सुमारास उठतं. धावपट्टीवर किती मीटरपर्यंत दिसतं याला आम्ही आरव्हीआर म्हणतो. दिल्लीत कॅट-थ्री, म्हणजे अगदी कमी दिसत असतानाही विमान उतरवता येणारी, यंत्रणा आहे. विमान त्या योग्यतेचं असेल आणि दोन्ही वैमानिकांचं तसं प्रशिक्षण झालेलं असेल, तर पन्नास मीटर आरव्हीआरमध्येही विमान स्वयंचलित यंत्रणेवर उतरतं. पण उड्डाण करायला किमान सव्वाशे मीटर लागतात. याचा परिणाम काय होतो बघा. आरव्हीआर पंचाहत्तर असेल तेव्हा विमानं उतरत राहतात, पण एकही निघत नाही. अर्ध्या-पाऊण तासात उभं करायच्या जागा भरतात. मग उतरलेली विमानं टॅक्सीवेवरच थांबतात, आणि नवीन येणाऱ्यांना एकतर हवेत घिरट्या घालाव्या लागतात, नाहीतर मुंबईतच थांबवून ठेवलं जातं. दारं बंद, प्रवासी बसलेले, आणि उड्डाणाची वेळ दिल्लीहून ठरवून येते. बसलेल्या माणसाला मुंबईचं निरभ्र आकाश दिसत असतं, त्याला कळत नाही आपण का थांबलोय. इंधन जाळत हवेत फिरण्यापेक्षा जमिनीवर थांबणं चांगलं, म्हणून ही पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे.

अशा सकाळी मी तीस-चाळीस मिनिटं जास्तीचं इंधन द्यायचो. घिरट्या घालताना एअरबस ३२० मिनिटाला चाळीस किलोच्या आसपास इंधन जाळतं, म्हणजे दीडेक टन. शिवाय दिल्लीत उतरता आलंच नाही तर जयपूरला जाण्याइतकं, आणि त्यावर अर्ध्या तासाचा अखेरचा साठा, ज्याला हात लावायची वेळ येऊ द्यायची नाही. पण जयपूरचा विमानतळ लहान. दिल्लीहून वळवलेली पंधरा-वीस विमानं आली की तोही भरतो, आणि मग पुढच्याला लखनौ किंवा अहमदाबाद. त्यामुळे धुक्याच्या दिवशी पहिला प्रश्न दिल्लीचा नसायचा, जयपूरला जागा आहे का, हा असायचा.

एका जानेवारीत सकाळी सहाला मुंबईहून सुटलेलं विमान माझ्या पडद्यावर होतं. दिल्लीजवळ पंचवीस मिनिटं फिरलं, आरव्हीआर खाली घसरला, आणि ते जयपूरला गेलं. तिथे उतरल्यावर कॅप्टननं मला विचारलं, दिल्ली कधी उघडेल, प्रवाशांत एक मुलगी आहे, तिची लोकसेवा आयोगाची मुलाखत आहे, शाहजहान रोडला पोहोचायचंय तिला. मी हवामानाचे सगळे अहवाल पुन्हा चाळले. उत्तर अकराच्या आधीचं येत नव्हतं. तेच सांगितलं. जयपूरहून दिल्ली रस्त्यानं अडीचशे किलोमीटरच्या वर, तेही धुक्यात, म्हणून खाली उतरून गाडी करणंही शक्य नव्हतं. ते विमान दिल्लीला पोहोचलं दुपारी एकच्या सुमारास. तिचं पुढे काय झालं ते मला कधी समजलं नाही. त्यानंतर ओळखीतलं कोणीही हिवाळ्यात दिल्लीला कामासाठी निघालं की मी आधी कामाची वेळ विचारतो.

म्हणून तुम्हाला सांगणं असं. एरवी कोणी विचारलं तर मी सकाळचं पहिलं विमान घ्यायला सांगतो. ते विमान रात्रभर मुंबईतच उभं असतं, मागच्या फेरीचा उशीर त्याला चिकटलेला नसतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत सहाचं विमान घेऊन सव्वाआठला दिल्ली, सामान घेऊन एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोनं वीस मिनिटांत नवी दिल्ली, अकराच्या कामाला हे पुरेसं आहे. पण जानेवारीत पहिलं विमान नेमकं धुक्याच्या तोंडी पोहोचतं. तुम्ही आदल्या दिवशी जा, आणि तेही मुंबईहून सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान निघणाऱ्या विमानानं. तोवर दिल्ली उघडलेली असते, सकाळचा तुंबलेला ढीग उपसायला सुरुवात झालेली असते, आणि दोन-तीन तास उशीर झाला तरी रात्र पडण्याआधी तुम्ही मुक्कामी असता. आदल्या संध्याकाळचं शेवटचं विमान स्वस्त दिसेल, पण सकाळचा उशीर फिरत फिरत त्याच्याच गळ्यात पडतो, आणि ते मध्यरात्रीनंतर पोहोचलं तर पुन्हा नव्या धुक्यात सापडतं. राजधानी पाचला सुटून दुसऱ्या दिवशी साडेआठला पोहोचते, एरवी उत्तम, पण कोट्याच्या पुढे धुक्यात गाड्याही सावकाश चालवाव्या लागतात, त्यामुळे अकराच्या मुलाखतीसाठी तिच्यावर विसंबू नका.

मुंबईच्या बाजूला चेक-इन निघण्याच्या एक तास आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. विमानतळावर दोन तास आधी पोहोचा. प्रमाणपत्रांची मूळ प्रत सामानात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा, विमान वळवलं गेलं तर चेक-इन केलेलं सामान मागे राहू शकतं.

परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढायला हरकत नाही, फक्त आठच्या पुढचं नको. येताना वारा थोडा समोरून असेल, पाच-सहा मिनिटं जास्त लागतील, आणि मुंबईत उतरणाऱ्यांची रांग लागली तर विमान गावाबाहेर दोन-तीन फेऱ्या मारेल. पश्चिमेकडे उतरणारं असेल तर ठाण्याच्या बाजूनं घाटकोपरवरून खाली येतं, उजेड असेल तर खाडी छान दिसते.

तारीख आणि मुलाखतीचं ठिकाण कळवलंत तर त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दिल्लीचा हवामान अंदाज वाचून मी नक्की सांगेन. चोवीस तास आधीचा धुक्याचा अंदाज हल्ली बराच भरवशाचा असतो.